पुन्हा होडीत बसण्यापूर्वी

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरले की माणसाच्या बोलण्यात जुन्या गोष्टी डोकावू लागतात. कुणाला पेटीवर पुन्हा बोटे फिरवावीशी वाटतात, कुणी माळ्यावरची सायकल खाली काढतो. धरणांच्या आणि तलावांच्या काठी वाढलेल्या पुरुषांना बहुधा गळ आठवतो. पहाटेचे स्थिर पाणी, लहानशी होडी आणि दोराला अचानक बसणारी ती ओळखीची ओढ. भिगवण, इंदापूर, करमाळा या भागांतील रुग्ण तपासताना हा विषय माझ्या कानावर वारंवार येतो आणि बहुतेक वेळा तो तक्रारीच्या रूपात येतो. तक्रार पत्नीची किंवा मुलीची असते. "डॉक्टर, आता या वयात पाण्यात जायचे म्हणतात. तुम्हीच सांगा त्यांना."

वाचकहो, अशा वेळी मी लगेच 'नको' म्हणत नाही आणि त्यामुळे तक्रार घेऊन आलेल्या मंडळींचा थोडा विरस होतो. साठीकडे झुकलेला माणूस ज्या छंदाकडे आपणहून परत जाऊ इच्छितो, तो छंद तोडण्यापूर्वी घरच्यांनी दहा वेळा विचार करावा, असे माझे मत आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत झोप न लागणे, भूक मंदावणे, विनाकारण चिडचिड होणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी थोडे बोलते केले की अनेकदा एकच गोष्ट हाती लागते. सकाळी उठून कुठे जायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज नव्याने उभा राहिलेला असतो. गळ टाकणाऱ्याला त्याचे उत्तर आदल्या रात्रीच ठाऊक असते. तो आमिषासाठी कणीक मळून ठेवतो, वाऱ्याचा अंदाज घेतो, सोबत्याला फोन करतो आणि वेळेवर निजतो. माझ्याजवळच्या कोणत्याही गोळीने एवढी कामे होत नाहीत.

मात्र एक गैरसमज आधीच दूर करतो. मासे गरवणे म्हणजे व्यायाम नव्हे. होडीत तीन तास बसल्याने चालण्याचा हिशेब भरून निघत नाही. उलट कंबर आखडते आणि पावलांवर सूज येते. रोजचे चालणे वेगळे आणि ते चुकवू नये.

उजनीचे पाणी

उजनीचा फुगवटा माझ्या परिचयाचा, म्हणून त्याच्याच आधाराने सांगतो. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, त्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहिली असतील. धरण भरले तेव्हा जी मुले दहा-बारा वर्षांची होती, ती आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. लहानपणी त्यांनी भीमेच्या डोहात गळ टाकला आणि मिसरूड फुटल्यावर आपल्याच बुडालेल्या शिवारावर होडी घातली. त्या पाण्याशी त्यांचे नाते निव्वळ करमणुकीचे नाही, हे घरातल्या पुढच्या पिढीने ध्यानात घ्यावे.

अशाच एका प्राथमिक शिक्षकांची हकिगत सांगतो. वय ५७, निवृत्तीला एक वर्ष बाकी. तीस वर्षे बदलीच्या गावी काढून ते नुकतेच मूळ गावच्या नव्या गावठाणात राहायला आले होते. रक्तदाब होता, मधुमेह होता आणि चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली होती. गुरुजींना खालच्या पाण्यात पुन्हा होडी घालायची होती. बाईंचा ठाम नकार होता आणि त्या नकाराला कारणही होते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान माणसांना नेणारी एक बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडून मेले. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घरात ती बातमी रडतच ऐकली गेली. त्यानंतर नवऱ्याने होडीचे नाव काढल्यावर एखाद्या स्त्रीच्या पोटात गोळा आला, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मी बाईंना एवढेच सुचवले की त्या संध्याकाळकडे जरा बारकाईने पाहावे. मे महिना होता आणि वेळ दुपार उलटल्यानंतरची होती. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे ढग बहुधा दुपारनंतर चढतात आणि उजनीसारख्या रुंद पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. काठावर धूळ उडते आहे असे वाटेपर्यंत मध्यभागी लाटा उठलेल्या असतात. पहाटेचे पाणी बहुतेक वेळा शांत असते. तेव्हा गुरुजींना घातलेली पहिली अट औषधाची नव्हती, घड्याळाची होती. उजाडल्यावर निघायचे आणि मासा लागो वा न लागो, नऊ वाजता काठावर यायचे. सोलापूरच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, त्यामुळे उन्हाच्या दृष्टीनेही हीच वेळ योग्य ठरते. ढगांचा गडगडाट कानावर आला की गळ गुंडाळून लगेच परतावे. आजकाल मुले वडिलांना हौसेने कार्बनची काठी भेट देतात. ती हलकी असते हे खरे, परंतु तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली आणि ढग गडगडत असताना ती उभी धरणे म्हणजे मरणाला आमंत्रण होय.

पावसाळ्यात पाणी सोडूनच द्यावे. पुण्याकडील धरणांतून सोडलेले पाणी उजनीत येते, त्यामुळे इकडे थेंबही पडलेला नसताना पातळी वाढते. शिवाय तो माशांच्या विणीचा काळ असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वेगळाच धोका असतो. पाणी हटते तिथे वरून वाळलेला आणि आतून ओला गाळ उरतो, त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि जुन्या झाडांची खोडे होडीच्या तळाशी येतात. धरणांतील मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने सहकारी संस्थांकडे असतात, म्हणून आधी तिथल्या मच्छीमारांना विचारून घ्यावे. परवानगी तर मिळतेच, शिवाय खोडे कुठे आहेत हेही त्यांनाच ठाऊक असते.

हातांना आठवते, पायांना नाही

तुमच्यापैकी ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा गळ हातात घेतला असेल, त्यांनी एक नवल अनुभवले असेल. तंगुसाची गाठ बोटे आपोआप मारतात. शिकलेली हस्तकौशल्ये मेंदू वेगळ्या ठिकाणी जपून ठेवतो आणि विस्मरणाचा आजार सुरू झालेल्या व्यक्तींमध्येही ती बराच काळ टिकतात. अशा व्यक्तीला एकट्याने होडीत पाठवू नये, हे सांगायला नको. परंतु काठावर सोबत बसून गळ बांधायला द्यायला काहीच हरकत नाही. ज्यांना सकाळचे जेवण आठवत नाही, त्यांनी गळाला गांडूळ अचूक लावलेले मी पाहिले आहे.

अडचण अशी की हातांच्या या आठवणीमुळे माणसाला वाटते, आपले सारे शरीरच विशीतले आहे. तोल मात्र गेलेला असतो. होडी काठावरून सुटण्याच्या आणि काठाला लागण्याच्या क्षणी पडण्याचा धोका सर्वांत मोठा. म्हणून घरीच एक साधी चाचणी करून पाहा. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. शेजारी कुणीतरी उभे असावे. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला किमान १४ वेळा आणि स्त्रीला १२ वेळा जमायला हवे. ६५ ते ६९ या वयात अनुक्रमे १२ आणि ११. आकडा कमी आला तर छंद रद्द करू नका. दोन-तीन महिने खुर्चीवरून उठण्या-बसण्याचाच व्यायाम करा, चालणे वाढवा आणि तोवर काठावरून गळ टाका. गुरुजींचा आकडा अकरा आला होता. मास्तरांना आपण नापास झाल्याचे इतके लागले की अडीच महिन्यांनी त्यांनी पंधरा करून दाखवले.

होडीत चढताना पाऊल कडेवर न ठेवता मधोमध ठेवावे, एका हाताने आधार धरावा आणि लगेच बसावे. नंतर उभे राहू नये, मासा कितीही मोठा असो. चष्म्याकडेही लक्ष द्या. ज्या चष्म्यात खाली वाचनाचे भिंग असते, त्यातून पायाखालची कड अस्पष्ट दिसते आणि पाऊल चुकते. चढता-उतरताना केवळ दूरचा चष्मा असावा. मोतीबिंदू असेल तर पाण्यावरची तिरीप डोळ्यांना अधिक टोचते. शस्त्रक्रिया झाली असेल तर नेत्रतज्ज्ञांनी मोकळीक देईपर्यंत तलावाचे पाणी डोळ्यांत उडेल असे काही करू नये. मान फिरवताच गरगरणाऱ्यांनी आधी त्यावर उपचार घ्यावेत.

"मी भीमा पोहून पार केली आहे," हे वाक्य मला दर दोन महिन्यांनी ऐकावे लागते. केली असेल. तेव्हा खांदा दुखत नव्हता, दम लागत नव्हता आणि अंगावर लंगोट होता. आता अंगात विजार, सदरा, स्वेटर असतो आणि खिशात मोबाईल. कपडे भिजले की हातपाय मारणे कठीण होते. म्हणून लाइफ जॅकेट हवेच, तेही अंगात घातलेले आणि पट्टे आवळलेले. बसायला उशी म्हणून वापरलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही. आपल्या वजनाचे आहे ना, ते घेतानाच पाहावे. होडी उलटलीच तर काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नये. होडीला धरून राहावे. उलटी होडीही बहुधा तरंगते आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा ती लवकर दिसते.

गोळ्यांचा विचार

आता थोडे संकोचाचे बोलतो. होडीत उभे राहण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मासा नसतो, लघवी असते. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी पुष्कळांना चालू असते. तिचा त्रास नको म्हणून काही जण त्या दिवशी गोळीच घेत नाहीत, काही पाणी प्यायचे थांबवतात आणि उरलेले होडीच्या कडेला उभे राहतात. हे तिन्ही मार्ग वाईट आहेत. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्याचा रक्तदाब उभे राहताच एकदम उतरू शकतो, म्हणून त्याने तर विशेष जपावे. उपाय अगदी साधा आहे. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली सोबत ठेवावी आणि बसूनच उरकावे. गोळी सकाळऐवजी परतल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे; आपल्या मनाने ती बंद करू नये.

वाढत्या वयात तहान कमी जाणवते. तेव्हा तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने घोटभर पाणी प्यावे, तेही घरून नेलेले. पुणे परिसरातील सांडपाणी उजनीत उतरते, हे सर्वश्रुत आहे; जलपर्णी आणि हिरवा तवंग डोळ्यांना दिसतोच. त्या पाण्याने चूळही भरू नये. हृदयविकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी त्या मर्यादेतच राहावे.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी पहाटेची घाई धोक्याची असते. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे आणि न्याहारी 'आल्यावर करू' म्हणून निघायचे, यात साखर उतरण्याची मोठी भीती आहे. घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे पाण्याच्या मधोमध आली तर सोबत्याला ती उन्हाची वाटतात. भाकरी-भाजी खाऊन निघावे आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवावी. सोबत्यालाही ती कुठे आहे हे माहीत असावे. पेसमेकर नुकताच बसवला असेल तर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेण्यास काही आठवडे मनाई असते, आणि बायपासनंतर छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर गळ भिरकावणे नको. छातीत दाटले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर डॉक्टरांनी सांगून ठेवलेली जिभेखालची गोळी बसूनच घ्यावी आणि वल्हे सोबत्याच्या हाती देऊन परत फिरावे.

होडीत दारूची बाटली असू नये. याविषयी चर्चेला मी तयार नाही.

गळ माशाऐवजी बोटात शिरतो, हे काही विरळा नाही. त्याच्या टोकाशी उलटा काटा असतो. तो कातडीखाली गेला असेल तर ओढून काढण्याचा पराक्रम करू नका. तंगूस कापा, गळ हलणार नाही असा फडका बांधा आणि दवाखान्यात या. डोळ्याला लागला असेल तर त्याला स्पर्शही न करता, दाब पडणार नाही असा कागदी पेला वर धरून थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांचे रक्त लवकर थांबत नाही. स्वच्छ फडक्याने सलग पंधरा मिनिटे दाबून धरावे, मध्ये मध्ये उघडून पाहू नये. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. ज्येष्ठांपैकी किती जणांना आपली शेवटची लस आठवते? जखम मळकट असेल आणि पाच वर्षे उलटली असतील तरी ती पुन्हा घ्यावी. शिंगाळ्याचा काटा लागला तर फार ठणकते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवल्यास वेदना उतरते. मधुमेहामुळे बोटे बधिर झाली असतील तर पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने पाहावे.

घरच्यांसाठी

काळजी घेणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की बंदी आणि मोकाट सोडणे यांच्यामध्ये बरीच जागा आहे, तिचा उपयोग करावा. चोरून जाणारा म्हातारा हा सर्वांत असुरक्षित म्हातारा. तो एकटा जातो, जॅकेट घेत नाही, कारण ते घरात दिसले असते. कुठे चाललो हेही सांगत नाही. मान्यता मिळालेला माणूस अटी मान्य करतो. गुरुजींच्या बाबतीत बाईंनीच पुढाकार घेतला. शेजारच्या भोई कुटुंबातील एक तिशीतला तरुण सोबत असल्याशिवाय जायचे नाही, वल्ही त्याने मारायची, असे ठरले. कोणत्या काठावरून निघाले आणि परत कधी येणार, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून जायचे. मोबाईल प्लास्टिकच्या बंद पिशवीत गळ्यात. बाईंनीही एक कबूल केले की नऊ वाजेपर्यंत फोन करायचा नाही. हे त्यांना गुरुजींच्या अटींपेक्षा जड गेले, असे त्या स्वतः सांगतात.

पहिल्या महिन्यात ते चार वेळा निघाले आणि त्यांतून दोन वेळा वारा पाहून काठावरूनच परतले. मला तो महिना अतिशय यशस्वी वाटला. नंतर तपासणीला आले तेव्हा रक्तदाबाचा आकडा सांगण्याआधी त्यांनी मला एका मरळीचे वजन सांगितले. रक्तदाब पूर्वीइतकाच होता. तो मासेमारीने उतरला असे लिहायला मला आवडले असते, पण तसे झालेले नाही. झोप मात्र सुधारली आहे.

परतल्यावर काठाला लागताच ताडकन उठू नये. बराच वेळ बसल्यावर रक्त पायांत उतरलेले असते. घोटे दहा-बारा वेळा वरखाली करावेत, दीर्घ श्वास घ्यावा आणि मग आधाराने उभे राहावे. घरी आल्यावर ओले कपडे बदलून हातपाय साबणाने धुवावेत. पायांना भेगा किंवा जखमा असताना गाळात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. त्याची लक्षणे लगेच दिसत नाहीत, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतात. त्या काळात ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर 'मी तलावात गेलो होतो' हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. मधुमेही व्यक्तीचे तळवे आणि बोटांमधल्या फटी त्याच दिवशी चांगल्या उजेडात कुणीतरी पाहाव्यात. स्वतःला वाकून दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. गुरुजींच्या घरी हे काम त्यांच्या नातीकडे आहे. ती आजोबांचे पाय पाहून झाल्यावर कॅलेंडरवर बरोबरची खूण करते आणि मगच मासे साफ करायला घेतले जातात.